पाचवा बुरूज

आमच्या देशात मुकुटावरचे बुरूज मोजतात.
खेड्याला तीन, कसब्याला चार, शहराला पाच.
गाव पोर्तुगालच्या नकाशावर
अंगठ्याखाली झाकून जात असलं
तरी हा हिशेब कुणाला चुकत नाही.

मी अदेलिनो, नगरपालिकेचा शिपाई.
सत्तावीस वर्षं सकाळी आठला झेंडा चढवतो,
दिवेलागणीला उतरवून घडी घालतो,
भिजला असला तर घरी नेऊन
न्हाणीघरात टाकतो, बायकोच्या झग्याशेजारी.

ज्या जूनमध्ये लिस्बनहून कागद आला,
की तुम्ही आता शहर,
त्याच जूनमध्ये सार्डिनचा शेवटचा कारखाना मिटला
आणि बाळंतिणींचा वॉर्ड चाळीस किलोमीटर लांब गेला.
म्हणजे या शहरातलं व्हायचं तर
आधी बाहेर जाऊन जन्मायचं.
तरी फटाके उडाले. बँडने
एकच चाल तीनदा वाजवली,
दुसरी अजून बसलेली नव्हती.

नव्या झेंड्याला पैसे नव्हते.
जुना काखोटीला मारून मी देओलिंदाकडे गेलो.

गावची सगळी निशाणं तिच्या हाताखालून गेलेली.
बंबवाल्यांचं लाल मखमली, त्यावरच्या दोन कुऱ्हाडी;
बँडचं निळं, ज्याच्या वीणेच्या तारा
उंदरांनी खाल्ल्या त्या तिने पुन्हा ओढल्या
(एक जास्तच ओढली, कुणी मोजत नाही);
खलाशांच्या मदतमंडळाचा नांगर;
आणि कारखान्यातल्या बायकांचं,
संपाच्या वर्षी एका रात्रीत शिवलेलं,
चंदेरी मासा, ज्याला डोळा घालायचा राहून गेला.
त्या डोळ्यासाठी ठेवलेलं
चांदीच्या दोऱ्याचं रीळ
अजून तिच्या बिस्किटांच्या डब्यात होतं.

तिने झेंडा टेबलावर पसरला, चष्मा कपाळावर नेला.
"जागा कुठाय? चौघं ऐसपैस बसलेत.
सरका म्हणायला काय बाकावरची माणसं आहेत?"
आणि मग पाचवा शिवला, अरुंद,
अर्धं बूड टेकवलेल्या पाहुण्यासारखा.
वरच्या बाजूला दोरा पुरला.
उलटवून बघते तर रिळावर नुसता पुठ्ठा.
"राहू दे," म्हणाली, "मागून कोण बघतंय?"

वारा बघतो.
उत्तरेचा असला की चौकातून पाच दिसतात.
दक्षिणेचा फिरला की चार.
फ्लोरिपिसच्या कॅफेत यावर कॉफीची पैज लागते.
चार दिसले की म्हातारे खलाशी खुर्ची ओढून म्हणतात,
आज कसबा आहे, आज उधारी चालेल.
पाच दिसले की फ्लोरिपिस
वही फडताळात ठेवून कुलूप घालते.

एकदा लिस्बनहून साहेब आला, चिन्हं तपासणारा,
हातात पट्टी आणि रंगांची पुस्तिका.
त्या दिवशी पानसुद्धा हललं नाही.
झेंडा काठीला बिलगून उभा,
आईच्या पदरामागे तोंड लपवलेल्या पोरासारखा.
साहेबाने वर बघून बघून मान चोळली,
मासे खाल्ले, दोनदा वाढून घेतले,
आणि शेरा लिहिला: ठीक.

आता देओलिंदाला दिसत नाही.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि शस्त्रक्रिया
तिकडेच, चाळीस किलोमीटरवर; ती जात नाही.
माशाला नाही घातला, मला कशाला, म्हणते.
रोज सव्वाआठला कचेरीतला फोन वाजतो.
"आज किती?"
मी सांगतो. पाच म्हटलं तर "हं."
चार म्हटलं तर जरा थांबते,
मग गावात कोण मेलं, कुणाच्या घरी
कालवाचं भात झालं, ते विचारते.

म्हणून मी कधीकधी चार सांगतो.

आज वारा पडलाय. दोरी ओढली,
झेंडा वर जाऊन तसाच लोंबला.
सव्वाआठ झाले.
मी खिडकीतून बघतोय,
फोन वाजतोय.